दक्षिण ओसेतियाचे युद्ध (२००८) : जबाबदारीचा प्रश्न

दक्षिण ओसेतिया या जॉर्जियापासून फुटून निघालेल्या प्रदेशावरून ऑगस्ट २००८ मध्ये जॉर्जिया व रशिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले आणि त्याचा दोष कोणाचा हा वाद अद्याप मिटलेला नाही. ‘युद्ध कोणी सुरू केले’ या एकाच वाक्यात येथे तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत : पहिला मोठा हल्ला कोणी केला, तो हल्ला होईल अशी परिस्थिती कोणी निर्माण केली, आणि लढाई पेटल्यावर व थांबल्यावर नागरिकांवर जे अत्याचार झाले ते कोणाच्या माथी जातात. या तिन्हींची उत्तरे सारखी नाहीत. त्यांपैकी सोयीचे तेवढे एक उत्तर उचलून इतर दोन झाकण्याचा प्रयत्न मॉस्को आणि जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी या दोन्ही ठिकाणी झाला आहे.

कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावरील या प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे ३,९०० चौ. किमी. असून त्स्खिनवाली हे त्याचे मुख्य ठिकाण आहे. पर्वताखालून जाणारा, सु. पावणेचार किमी. लांबीचा रोकी बोगदा त्याला रशियातील उत्तर ओसेतियाशी जोडतो. सोव्हिएट राजवटीत १९२२ मध्ये त्याला जॉर्जियाच्या अंतर्गत स्वायत्त प्रांताचा दर्जा मिळाला. १९८९ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ९८ हजार लोकांपैकी दोन तृतीयांश ओसेट आणि तीन दशांशांच्या आसपास जॉर्जियन होते. त्यांची गावे एकमेकांना लागून होती आणि परस्परांत लग्नसंबंधही सर्रास होत. सोव्हिएट संघ मोडकळीस येत असताना दोन्हीकडचा राष्ट्रवाद प्रखर झाला. नोव्हेंबर १९८९ मध्ये जॉर्जियन राष्ट्रवादी नेते झ्वियाद गामसाखुर्दिया यांच्या नेतृत्वाखाली हजारो जॉर्जियन निदर्शकांनी त्स्खिनवालीवर मोर्चा नेला. १९९० मध्ये ओसेट नेत्यांनी वेगळे प्रजासत्ताक जाहीर केले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉर्जियाच्या विधिमंडळाने प्रांताची स्वायत्तताच रद्द केली. त्यातून उद्‌भवलेली लढाई जून १९९२ मध्ये रशियाचे राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन व जॉर्जियाचे नेते एदुआर्द शेवार्दनाद्झे यांनी सोची येथे केलेल्या कराराने थांबली. या कराराने रशियन, जॉर्जियन व ओसेट सैनिकांची संयुक्त शांतिसेना नेमली गेली. तंट्यात ज्याचा हितसंबंध उघड होता, त्या रशियालाच मध्यस्थ व रक्षक नेमणे हा या व्यवस्थेचा मूळ दोष होता.

तरीही त्यानंतरची बारा वर्षे बरीचशी शांततेत गेली. त्स्खिनवालीच्या वेशीजवळ एर्ग्नेती येथे भरणाऱ्या मोठ्या बाजारात रोकी बोगद्यातून आलेले पेट्रोल, पीठ व सिगारेटी विनाकर विकल्या जात आणि जॉर्जियातली फळे व भाजीपाला उत्तरेकडे जाई. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारी माणसे तेथे उधारीवर व्यवहार करीत. जॉर्जियात शेवार्दनाद्झे यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या ‘गुलाब क्रांती’नंतर जानेवारी २००४ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मिखाईल साकाश्विली यांनी त्याच वर्षी तस्करीविरोधी मोहिमेत हा बाजार बंद पाडला. जॉर्जियाचा महसूल बुडत होता हे खरे. पण दोन समाजांना दररोज एकत्र आणणारी ही जवळपास एकमेव जागा होती, आणि ती गेल्यावर काही आठवड्यांतच चकमकी सुरू झाल्या. साकाश्विली यांच्या धोरणातील ही पहिली मोठी चूक मानावी लागते.

याच काळात रशियाने दक्षिण ओसेतिया व अबखाझिया या जॉर्जियाच्या दोन फुटीर प्रदेशांतील रहिवाशांना मोठ्या प्रमाणावर रशियन पारपत्रे वाटली. ‘आपल्या नागरिकांचे रक्षण’ हे पुढे लष्करी हस्तक्षेपासाठी दिलेले कारण अशा रीतीने आधीच तयार करून ठेवण्यात आले होते. फेब्रुवारी २००८ मध्ये कोसोव्होने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले आणि रशियाचा विरोध असताना अनेक पाश्चात्त्य देशांनी त्याला मान्यता दिली. एप्रिलमधील बुखारेस्ट परिषदेत नाटोने जॉर्जिया भविष्यात सदस्य होईल असे आश्वासन दिले, मात्र सदस्यत्वाच्या तयारीचा ठरीव कार्यक्रम दिला नाही. त्यामुळे रशिया दुखावला गेला आणि जॉर्जियाला संरक्षणही मिळाले नाही. त्याच महिन्यात पुतिन यांनी दोन्ही फुटीर प्रशासनांशी थेट संबंध जोडण्याचा आदेश काढला, आणि मेअखेर रशियाचे रेल्वे-सैनिक लोहमार्ग दुरुस्तीसाठी अबखाझियात उतरले. लष्करी कारवाईची योजना २००६ च्या अखेरीस व २००७ च्या सुरुवातीस आखली गेली होती आणि तीत ओसेट लढवय्यांचे प्रशिक्षणही अंतर्भूत होते, हे पुतिन यांनी स्वतः २०१२ मध्ये सांगितले.

१ ऑगस्ट रोजी झालेल्या स्फोटात जॉर्जियाचे पोलीस जखमी झाले. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या गावांवर गोळीबार व तोफांचा मारा वाढत गेला आणि त्स्खिनवालीतील स्त्रिया व मुले उत्तरेकडे हलविली जाऊ लागली. ७ ऑगस्टच्या संध्याकाळी सातच्या सुमारास साकाश्विली यांनी दूरचित्रवाणीवरून एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी त्स्खिनवालीवर जॉर्जियाच्या तोफा व ग्राद रॉकेटे बरसू लागली. ग्राद हे एका विस्तृत क्षेत्रावर एकाच वेळी अनेक रॉकेटे सोडणारे अस्त्र असून त्याने नेमके लक्ष्य साधता येत नाही. माणसे झोपलेल्या शहरावर त्याचा वापर करण्याचे समर्थन कोणत्याही लष्करी गरजेने होऊ शकत नाही. त्या रात्री जॉर्जियाच्या एका सेनाधिकाऱ्याने घटनात्मक व्यवस्था पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी ही कारवाई असल्याचे सांगितले. रशियाचे सैन्य बोगद्यातून आधीच आत शिरले होते, म्हणून हल्ला करावा लागला, हे स्पष्टीकरण नंतर पुढे आले. ८ ऑगस्टला रशियाची ५८ वी सेना बोगद्यातून उतरली. पुढील चार दिवसांत जॉर्जियातील गोरी शहरावर बॉम्ब पडले, पोती बंदर व सेनाकी येथील लष्करी तळ रशियाच्या ताब्यात गेले आणि अबखाझियातील कोदोरी खोऱ्यात दुसरी आघाडी उघडली गेली. युरोपीय संघाचे तत्कालीन अध्यक्षपद भूषविणाऱ्या फ्रान्सचे निकोला सार्कोझी यांच्या मध्यस्थीने १२ ऑगस्टला सहा कलमी समझोता झाला. २६ ऑगस्टला रशियाने दोन्ही प्रदेशांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली.

युरोपीय संघाने डिसेंबर २००८ मध्ये नेमलेल्या आणि स्विस मुत्सद्दी हायडी ताल्याविनी यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा अहवाल ३० सप्टेंबर २००९ रोजी सादर झाला. उघड युद्धाची सुरुवात जॉर्जियाच्या रात्रीच्या हल्ल्याने झाली आणि तो आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नाही, असा निष्कर्ष समितीने काढला. आपल्याच भूभागावर बळ वापरले, या जॉर्जियाच्या युक्तिवादावर समितीचे उत्तर महत्त्वाचे आहे : तंटा बळाने सोडवणार नाही असे जॉर्जियाने करारांनी मान्य केले होते, त्यामुळे येथे बळाच्या वापरावरील बंदी लागू होते. हल्ल्यापूर्वी रशियाचे मोठे सैन्य आत आल्याचा पुरेसा पुरावाही समितीला आढळला नाही. मात्र शांतिसैनिकांच्या बचावापुरती रशियाची पहिली कृती समर्थनीय असली, तरी जॉर्जियात खोलवर केलेली चढाई संरक्षणाच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडची होती; पारपत्रांचे वाटप व फुटीर प्रदेशांना दिलेली मान्यता बेकायदा होती; ओसेटांच्या वंशसंहाराचा रशियाचा आरोप निराधार होता; आणि दक्षिण ओसेतियात जॉर्जियनांना वंशाच्या आधारे हुसकावून लावले गेले, हेही तीच समिती स्पष्टपणे नोंदविते. एकट्या कोणत्याही बाजूवर एकूण जबाबदारी टाकता येणार नाही, असे तिचे मत होते. अहवाल बाहेर येताच मॉस्कोने त्याचा पूर्वार्ध व तिबिलिसीने उत्तरार्ध आपला विजय म्हणून मिरविला.

मृतांच्या आकड्यांचाही या वादात शस्त्रासारखा वापर झाला. सुरुवातीला रशियाकडून त्स्खिनवालीत दोन हजार नागरिक मारले गेल्याचे सांगण्यात आले. रशियाच्याच तपास यंत्रणेने पुढे हा आकडा १६२ वर आणला. ताल्याविनी समितीच्या हिशेबाने सर्व बाजूंचे मिळून सुमारे ८५० लोक मरण पावले आणि एक लाखाहून अधिक विस्थापित झाले. ओसेट खरोखरच मेले, त्यांची घरे खरोखरच पडली. आकडा फुगविल्यामुळे त्यांच्या दुःखाबद्दलच बाहेर शंका घेतली जाऊ लागली. त्स्खिनवालीच्या उत्तरेकडील केख्वी, कुर्ता, तामाराशेनी ही जॉर्जियन वस्तीची गावे लढाईत नव्हे, तर लढाई सरल्यानंतर घरोघरी आगी लावून नष्ट करण्यात आली, हे उपग्रहांच्या छायाचित्रांतून दिसून आले.

२१ जानेवारी २०२१ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने या जाळपोळीसाठी, तसेच त्स्खिनवालीच्या एका तळघरात सुमारे १६० जॉर्जियन नागरिकांना डांबून ठेवणे, युद्धकैद्यांचा छळ करणे आणि विस्थापितांना परतू न देणे यांसाठी रशियाला जबाबदार धरले, कारण १२ ऑगस्टनंतर प्रदेशावर त्याचा प्रत्यक्ष ताबा होता. प्रत्यक्ष लढाईच्या पाच दिवसांतील कृत्ये मात्र गोंधळाच्या स्थितीत कोणाचाच पक्का ताबा नसतो, या कारणाने न्यायालयाने आपल्या कक्षेबाहेर ठेवली. ज्यांची माणसे नेमकी त्याच दिवसांत बॉम्बहल्ल्यात गेली, त्यांना या निवाड्यातून काहीही मिळाले नाही.

जॉर्जियातही हा प्रश्न अंतर्गत राजकारणाचा झाला आहे. सत्ताधारी पक्षाचे संस्थापक बिद्झिना इवानिश्विली यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये गोरी येथील निवडणूक सभेत युद्धाचा दोष साकाश्विली यांच्या राजवटीवर ठेवून ओसेटांची क्षमा मागण्याची भाषा केली, तेव्हा विरोधकांनी तो मृत सैनिकांचा अपमान मानला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जून २०२२ मध्ये जॉर्जियन नागरिकांना बेकायदा डांबणे, त्यांचा छळ करणे व त्यांना ओलीस ठेवणे या आरोपांवरून दक्षिण ओसेतियाच्या प्रशासनातील तिघांविरुद्ध अटक वॉरंट काढले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अभियोक्त्यांनी तपासाचे काम संपविल्याचे जाहीर केले. रशिया वा जॉर्जियाच्या सैन्यातील एकाही अधिकाऱ्याच्या नावे असे वॉरंट निघालेले नाही.