कस्टर काऊंटी : आधी गुरं, मग नांगर

अमेरिकेतल्या काऊंटीला मराठीत सर्रास 'जिल्हा' म्हटलं जातं. एरवी त्यानं फारसं बिघडत नाही. पण नेब्रास्काच्या मधोमध पसरलेल्या कस्टर काऊंटीबद्दल लिहिताना ही सवय अडचणीत आणते, कारण तिथल्या वसाहतीच्या सुरुवातीचा सगळ्यात गाजलेला खटला 'काऊंटी' आणि 'जिल्हा' या शब्दांवरच फिरला.

काऊंटी स्थापन झाली १८७७ साली. आदल्याच वर्षी मूळनिवासी जमातींशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारल्या गेलेल्या सेनाधिकाऱ्याचं नाव तिला दिलं गेलं. क्षेत्रफळ सुमारे २,५७६ चौरस मैल, म्हणजे गोव्याच्या पावणेदोनपट. लूप नदीच्या फाट्यांचा हा टापू पॉनी या मूळनिवासी लोकांच्या वावरातला. १८५७च्या तहात त्यांचा बहुतेक मुलूख गेला आणि १८७०च्या दशकाच्या मध्यावर त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. काऊंटीचं मुख्य गाव ब्रोकन बो. पोस्ट ऑफिससाठी नाव हवं होतं, तेव्हा तिथे सापडलेल्या एका मोडक्या धनुष्यावरून ते सुचल्याचं सांगतात.

होमस्टेडचा, म्हणजे जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन देणारा कायदा १८६२चा होता. तरी इथे आधी पोचली ती टेक्सासची गुरं. सरकारी कुरणावर कुणाचीच मालकी नव्हती, त्यामुळे पशुपालकांनी ते आपलंच मानलं. त्यात मका लावू पाहणारा शेतकरी आला की पहिला प्रश्न असा : कुंपण कुणी घालायचं? नेब्रास्कातल्या कायद्याचा कल शेतकऱ्याकडे होता. गुरांनी पीक खाल्लं तर भरपाई गुरांच्या मालकानं द्यायची. आपल्या कोंडवाड्यामागचा न्यायही हाच. शिवाय झाडच नसलेल्या माळावर शेतकऱ्यानं कुंपणाला लाकूड आणायचं तरी कुठून? पशुपालकांच्या मते मात्र हा कायदा पूर्वेकडच्या शेतकरी भागांसाठी होता, इथे तो लादला जात होता.

१८७८च्या अखेरीस हा वाद रक्तावर गेला. टेक्सासहून आलेल्या एका बड्या पशुपालकाचा भाऊ दोन शेतकऱ्यांना गुरंचोरीच्या आरोपावरून पकडायला गेला. गोळीबार झाला आणि तो भाऊ मेला. शेतकरी पुढे पकडले गेले, पण ज्या शेरीफच्या ताब्यात होते त्यानंच त्यांना पशुपालकाच्या माणसांच्या हवाली केलं. दोघांना फाशी दिली गेली आणि प्रेतं जळालेल्या अवस्थेत सापडली.

खटला चालला तो कस्टरमध्ये नव्हे, तर दूर आग्नेयेला, अ‍ॅडम्स काऊंटीतल्या हेस्टिंग्जला. दोन्ही काऊंट्या एकाच न्यायालयीन जिल्ह्यात होत्या. एप्रिल १८७९मध्ये पशुपालकाला जन्मठेप झाली. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्यघटनेनुसार आरोपीचा न्याय गुन्हा घडला त्या 'काऊंटी किंवा जिल्ह्या'तल्या ज्यूरीनं करायचा होता. मग 'जिल्हा' म्हणजे न्यायाधीशाचा अनेक काऊंट्यांचा अख्खा न्यायालयीन जिल्हा धरायचा का? न्यायालय म्हणालं, नाही. खटला गुन्हा घडला त्या काऊंटीतच चालला पाहिजे.

कायद्याचा शब्द धरला तर निकालात खोट काढणं कठीण आहे. त्याचा परिणाम मात्र सरळ होता. १८८०च्या अखेरीस प्रकरण कस्टरमध्ये परत आलं, तेव्हा तक्रार घेऊन उभं राहायला कुणी आलं नाही आणि आरोपी सुटला. विरळ वस्ती, त्यात पशुपालकांचा दबदबा. आरोपीला आपल्याच मुलखात न्याय मिळण्याचा हक्क इथे फिर्यादीच्या विरोधात गेला. या खटल्याच्या कथनांत पशुपालकाचा क्रूरपणा रंगवून येतो, निकालातला हा पेच एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते पेचच महत्त्वाचा.

पशुपालकांची सद्दी शेवटी मोडली ती न्यायालयानं नव्हे. १८८०-८१च्या कडक हिवाळ्यात गुरांचे कळप उघड्या माळावर मेले. मग शेतकऱ्यांचा लोंढा आला. १८८०च्या जनगणनेत काऊंटीत २,२११ माणसं होती, १८९०मध्ये २१,६७७. रेल्वे ब्रोकन बोला १८८६मध्ये पोचली. दावे लावण्याच्या वाटाही अनेक होत्या : होमस्टेड, झाडं लावण्याच्या अटीवर मिळणारी जमीन, आणि एकरी सव्वा डॉलर मोजून घेतलेली. त्यामुळे कागदावरचा प्रत्येक दावा म्हणजे एक नांदतं घर, असं समजू नये. अविवाहित बाईलाही एकविशी ओलांडली की दावा लावता येई. चार बहिणींनी इथे असे दावे लावले आणि आळीपाळीनं एकमेकींच्या घरांत राहून वास्तव्याची अट पाळली.

घरं गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीच्या चिपांची. भिंती दोन-तीन फूट जाड. १८८६पासून एका छायाचित्रकारानं अशा घरांपुढे कुटुंबांना उभं करून शेकडो छायाचित्रं घेतली. स्वतः मात्र तो आपल्या दाव्यावर दोन आठवड्यांच्या आतच कंटाळला होता. गुलामीतून सुटून वेस्टरव्हिलजवळ वसलेलं एक कृष्णवर्णीय कुटुंबही १८८७च्या छायाचित्रात आहे. १८८५मध्ये शेतकऱ्यांनी एका रँचचं पंधरा मैलांचं बेकायदा तारकुंपण तोडलं, त्याचंही छायाचित्र मिळतं. ते मात्र पुष्कळ वर्षांनी प्रसंग पुन्हा उभा करून काढलेलं. संग्राहकांना हे ठाऊक आहे, पण छायाचित्र डोळ्यांत भरतं आणि खालची ओळ वाचायची राहते.

१८९० आणि १८९४च्या दुष्काळांनी बऱ्याच जणांना परत पाठवलं. १९००ची लोकसंख्या १९,७५८. १९०४च्या कायद्यानं नेब्रास्काच्या पश्चिम आणि वायव्य भागात दावा ६४० एकरांपर्यंत वाढवून दिला. १६० एकर कोरड्या माळात घर चालत नाही, याची ती उशिरा दिलेली कबुलीच. १९२०ला काऊंटीत २६,४०७ माणसं होती. तो कळस, त्यानंतर उतरण. यंत्रं आली, शेतं एकमेकांत मिसळली, २०२०च्या जनगणनेत १०,५४५ उरली. आता विमानातून खाली पाहिलं तर मक्याची हिरवी वर्तुळं दिसतात, फिरत्या सिंचनाच्या नळ्यांनी काढलेली. आणि काऊंटीतल्या फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं पोसायच्या आवारांत, मका खायला उभी असतात ती गुरंच.