सुई टोचली की भूलतज्ज्ञाचं काम संपलं?

‘भूल देणारे डॉक्टर इंजेक्शन देतात आणि निघून जातात, संघटना काढलीय ती फीसाठी.’ हे वाक्य ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांकडून वर्षानुवर्षं ऐकू येतं. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ब्रिटनमधली भूलतज्ज्ञांची संघटनाच, म्हणजे ‘असोसिएशन ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स’, पाहा. बर्मिंगहॅमच्या हेन्री फेदरस्टोन यांच्या पुढाकारानं ती 1932 मध्ये उभी राहिली. तेव्हा भूल देणं हे अनेकदा जनरल प्रॅक्टिशनरचं जोडकाम असे. संघटनेनं आधी आग्रह धरला तो शिक्षणाचा, आणि 1935 मध्ये भूलशास्त्राच्या डिप्लोमाची पहिली परीक्षा झाली. परीक्षा घेतली रॉयल कॉलेजांनी, म्हणजे डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या तिथल्या संस्थांनी. संघटना पदवी देत नाही, हेही इथेच सांगायला हवं.

1988 मध्ये तिनं देखरेखीचे निकष प्रसिद्ध केले. भूल सुरू असेपर्यंत भूलतज्ज्ञानं रुग्णाजवळ हजर राहायचं, हा त्यातला गाभा. कारण साधं आहे: भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. श्वास मंदावतो किंवा थांबतो, रक्तदाब घसरतो, आणि त्याकडे क्षणोक्षणी कुणीतरी पाहावंच लागतं. ते ‘कुणीतरी’ म्हणजे पडद्यामागे, रुग्णाच्या डोक्याकडच्या बाजूला बसलेला हा डॉक्टर. शस्त्रक्रिया चार तास चालली, तर तोही चार तास तिथेच.

‘मधेच जाग आली तर?’ ही भीती खरी आहे, तिला हसू नये. याच संघटनेनं भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजसोबत केलेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा तक्रारींचं प्रमाण सुमारे 19,000 भुलींमागे एक आढळलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला आले, की हा प्रश्न त्यांना बिनधास्त विचारा.