ऐकणाऱ्यामुळे बोलणं बिघडतं तेव्हा

मीटिंगमध्ये एखादा सहकारी अडखळतो, तेच ते पुन्हा सांगतो आणि आपण म्हणतो, याला मुद्दा मांडताच येत नाही. पण यात समोर बसलेल्यांचाही वाटा असू शकतो.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या जॅनेट बव्हेलास आणि सहकाऱ्यांनी 2000 साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाने स्वतःवर बेतलेला, थोडक्यात निभावलेला प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचं. काही श्रोत्यांना मात्र आणखी एक काम होतं: 'टी' अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे शब्दांवर कान होता, गोष्टीकडे लक्ष नव्हतं. परिणाम सांगणाऱ्यांवर झाला! त्यांचे शेवट तुटक झाले, काहींनी शेवट पुन्हा पुन्हा सांगितला, प्रसंग बाका होता हे पटवत बसले. श्रोत्यांचे प्रसंगाला साजेसे प्रतिसाद, म्हणजे दचकणं, 'बाप रे' म्हणणं, जवळजवळ नाहीसे झाले होते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण समोरच्याचं बोलणं सुधारणं काही अंशी आपल्या हाती आहे, असं त्यातून दिसतं.

मग लक्ष देऊन ऐकणं इतकं अवघड का? दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद जातात. पण चित्र पाहून त्याचं साधं नाव उच्चारायलाही मेंदूला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. हा हिशोब जुळायचा, तर समोरचा बोलत असतानाच आपली उत्तराची तयारी सुरू झालेली असते. गप्पांमध्ये हे खपून जातं. कामाच्या बोलण्यात मात्र अट, तारीख, अपवाद अनेकदा वाक्याच्या शेवटी येतात, आणि तोवर आपण उत्तरात गुंतलेलो असतो.

विमानवाहतुकीत यावर पक्का नियम आहे. नियंत्रकाने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिक परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ती बरोबर आहे ना, हे ऐकतो. ऑफिसात शब्दशः तसं करायची गरज नाही. उत्तर देण्याआधी 'म्हणजे चाचणी झाल्याशिवाय फाइल पाठवायची नाही, बरोबर?' एवढं विचारलं, तरी उत्तराची घाई थांबते आणि चूक तिथेच सापडते.

ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरे बंद असले, की बोलणाऱ्याला आपला चेहराही दिसत नाही. तिथे नुसत्या 'हो, हो'ने भागत नाही. 'हा खर्चाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता' असं नेमकं काहीतरी मोठ्याने बोलायला हवं.