‘विद्यार्थी’ शब्दाची लांबी किती?

‘विद्यार्थी’ या शब्दात अक्षरं किती? वि, द्या, र्थी, म्हणजे तीन. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं लांबी मोजणारं ‘लेन’ फंक्शन मात्र 10 सांगतं, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिपी साठवण्याच्या सामायिक प्रमाणात, प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला आणि हलन्तालाही स्वतंत्र क्रमांक, म्हणजे कोड पॉइंट असतो. व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी असे हे दहा. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी दिसते, पण साठवली जाते नंतर. रफाराचं नेमकं उलट: तो ‘थी’च्या डोक्यावर दिसतो, पण त्याचा ‘र’ साठवला जातो ‘थ’च्या आधी. ही सगळी जुळवाजुळव पडद्यावर मजकूर उमटताना फॉन्टच्या मदतीने होते. स्ट्रिंगला, म्हणजे साठवलेल्या मजकुराला, त्याचा पत्ताही नसतो. यूटीएफ-8 या साठवणुकीच्या पद्धतीत हाच शब्द 30 बाइट घेतो.

घोळ होतो तो रकाने जुळवताना. 12 रुंदीचा रकाना मागितला, की पायथॉन ‘विद्यार्थी’पुढे फक्त 2 मोकळ्या जागा सोडतो आणि ‘नमन’पुढे 9. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचेच दिसतात, त्यामुळे पुढचा रकाना वाकडातिकडा होतो. मजकूर छाटताना तर त्याहून वाईट. पहिले चार कोड पॉइंट घेतले, तर ‘विद्’ असा पाय मोडलेला तुकडा हाती येतो. वाचकाचं नाव असं तोडून दाखवणं मला अक्षम्य वाटतं, कारण ते टाळता येतं.

त्यासाठी मोजायचं ते ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचकाला एकसंध वाटणारं अक्षर. युनिकोडचे हे नियमही बराच काळ जोडाक्षरं हलन्तापाशी तोडत असत, म्हणून आपला शब्द पाच तुकड्यांचा ठरे. 2023 मध्ये आलेल्या 15.1 आवृत्तीने देवनागरी जोडाक्षरं अखंड धरली आणि उत्तर तीनवर आलं. स्विफ्ट भाषा मुळातच क्लस्टर मोजते. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘इंटल सेगमेंटर’ आहे, पायथॉनसाठी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, मिळतात. फक्त त्यांच्यात युनिकोडची कोणती आवृत्ती आहे, ते तपासून घ्यावं.

छाटण्यापुरतं एवढं पुरतं. रकान्यांना पुरत नाही, कारण ‘द्या’ आणि ‘र’ दोन्ही एकेकच क्लस्टर असले तरी रुंदीला सारखे नाहीत. ती रुंदी फॉन्ट ठरवतो. म्हणून वेबपानावर किंवा अ‍ॅपमध्ये मोकळ्या जागा भरत बसू नये. सरळ तक्ता वापरावा आणि मोजमाप मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडावं.