नवतप्यातला पोलरॉइड

पोलरॉइडचा फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येतो तेव्हा तो अजून व्हायचाच असतो. चौकटीच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत अल्कलीयुक्त दाट रसायनाची पुडी असते. कॅमेऱ्यातले दोन रूळ ती फोडून लेप आतल्या थरांमध्ये पसरवतात. जिथे प्रकाश पडलेला असतो तिथे पिवळं, किरमिजी किंवा निळसर रंगद्रव्य जागीच अडकतं. उरलेलं वर सरकत चित्राच्या थरात पोचतं. लेपातली टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी चित्रामागचा पडदा होते.

हे सगळं जिलेटिनमध्ये चालतं. अल्कलीने ते फुगतं, मऊ पडतं, आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिक असल्याने ओल लवकर बाहेर जात नाही. 1972 साली आलेल्या एसएक्स-70 कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये हा मऊपणा बराच वेळ टिके. लुकास समारास या कलावंताने 1973 पासून नेमका त्याचा फायदा घेतला. वरच्या प्लास्टिकवर बोथट टोक दाबून त्याने स्वतःचेच चेहरे वितळवले, पिळले. विणायची सुई किंवा रिफिल संपलेलं बॉलपेन फिरवलं की खालचा रंग सरकायचा आणि घरांच्या कडा लाटांसारख्या हलायच्या. माझ्या मते एकाही फोटो-अॅपला ही गंमत जमलेली नाही. तिथे रंगाला वजनच नसतं.

आता नागपूर. सध्याची पोलरॉइड फिल्म 13 ते 28 अंशांत नीट उमटते. त्याखाली रंगांचा प्रवास मंदावून फोटो निळसर, फिका होतो. 28 अंशांच्या वर गेलं की फोटोवर पिवळी-लालसर झाक चढते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा 45 च्या आसपास असताना दुपारी फुटाळ्यावर फोटो काढला तर तलावसुद्धा संत्र्याच्या रंगाचा निघायचा! फिल्म फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवा आणि सकाळी लवकर बाहेर पडा.

एसएक्स-70 ची ती जुनी फिल्म आता बनत नाही. पण आजच्या फिल्मवर दुसरा खेळ छान जमतो. चौकट कापून मागचा थर सोलायचा आणि पारदर्शक भाग गरम पाण्यात सोडायचा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी पुरतं, गॅस कशाला जाळायचा? थोड्या वेळाने चित्राचा पातळ पापुद्रा सुटून तरंगू लागतो. तो मऊ ब्रशने जलरंगाच्या कागदावर घ्यायचा. हातमोजे घालाच, अल्कली कातडीला झोंबते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पापुद्रा भराभर वाळतो, तेव्हा हव्या त्या चुण्या ओला असतानाच पाडा, आणि कागद कूलरच्या झोतापासून दूर ठेवा.