पीएच.डी. प्रबंध सादर करताना: पात्रता, कागदपत्रे आणि संदर्भसूचीच्या फाइलचे रूपांतर

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात आणि त्याच्या संशोधन केंद्रांत पीएच.डी. करणारे संशोधक वर्षानुवर्षे संदर्भ गोळा करतात. प्रबंध अंतिम करताना मात्र ती सूची एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यावी लागते, कारण संशोधकाने नोंदी एंडनोट किंवा झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेल्या असतात आणि प्रबंध लॅटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडायचा असतो, किंवा याच्या अगदी उलट. रूपांतरात नोंद गळाली तरी सॉफ्टवेअर अनेकदा काहीच सांगत नाही. म्हणून हे काम छपाईच्या आदल्या रात्रीवर न ढकलता सादरीकरणाच्या प्रक्रियेचाच भाग मानावे.

पात्रतेचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांत दिलेले आहेत. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचे असते आणि त्यात किमान 55 टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी मिळाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही. कोर्सवर्कसह किमान कालावधी 3 वर्षे आणि कमाल 6 वर्षे असून पुनर्नोंदणीने आणखी 2 वर्षे मिळू शकतात. महिला संशोधकांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना यापुढे 2 वर्षांची अतिरिक्त सवलत आहे. प्रबंध दाखल करण्यापूर्वी संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण करावे लागते आणि ते इतर प्राध्यापक व विद्यार्थ्यांसाठीही खुले असते.

कागदपत्रांत दोन लेखी हम्या महत्त्वाच्या आहेत. प्रबंधात वाङ्मयचौर्य नसल्याचे हमीपत्र संशोधकाने द्यायचे असते, तर काम मूळ आहे आणि अन्य पदवीसाठी दिलेले नाही असे प्रमाणपत्र मार्गदर्शकांनी द्यायचे असते. सोबत साम्य तपासणीचा, म्हणजे प्रबंध इतरांच्या मजकुराशी किती जुळतो याचा, अहवाल लागतो. आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला कोणतीही शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के साम्य आढळल्यास सुधारित प्रबंध 6 महिन्यांच्या आत द्यावा लागतो. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश या तपासणीतून वगळले जातात. मूल्यमापन पूर्ण झाल्यावर आणि पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेट या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह ठेवणाऱ्या केंद्राकडे जाते, त्यामुळे सूचीतली चूक कपाटात बंद राहत नाही, सर्वांना दिसते. शुल्क, प्रतींची संख्या आणि अर्जाचे चालू नमुने विद्यापीठाच्या पीएच.डी. कक्षातूनच घ्यावेत.

आता फाइलकडे वळू. सर्वांत जास्त घोटाळा टिप्पण्यांमुळे होतो. बिबटेक हे लॅटेकसाठी संदर्भसूची तयार करणारे साधन आहे. त्याच्या फाइलमध्ये नोंदींच्या बाहेर लिहिलेला मजकूर दुर्लक्षिला जातो, म्हणून अनेक जण "हे पुन्हा तपासणे", "गाइडना विचारणे" अशा खुणा तिथेच लिहून ठेवतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र नको असलेल्या नोंदीआधी % चिन्ह टाकले की ती बंद झाली, हा समज घातक आहे. मूळ बिबटेकला % चे टिप्पणी म्हणून काहीच महत्त्व नाही. त्याला @ दिसले की तो नोंद वाचू लागतो. बायबर या त्याच कामाच्या नव्या साधनाचे वाचनयंत्र मात्र नोंदींबाहेरच्या % पासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर सोडून देते. '@कॉमेंट' या खास नोंदीचेही तसेच आहे. मूळ बिबटेक फक्त तो शब्द ओलांडतो आणि कंसात ठेवलेली नोंद वाचतो, तर बायबर पूर्ण कंस वगळतो. एकाच फाइलमधून दोन साधनांनी वेगवेगळ्या संख्येच्या नोंदी निघाल्या, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. नको असलेली नोंद वेगळ्या फाइलमध्ये हलवावी, हाच माझ्या मते एकमेव भरवशाचा उपाय आहे. बिबटेकच्या फाइली सांभाळणारे जॅबरेफ हे सॉफ्टवेअर आपल्या गटांची माहिती अशाच टिप्पणीत साठवते आणि आरआयएस या संदर्भांच्या देवाणघेवाणीच्या फाइल-स्वरूपात गेल्यावर ती राहत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सदोष नोंदींत सुटलेला स्वल्पविराम लवकर सापडतो, कारण बिबटेक ओळ क्रमांकासह तक्रार करतो. न मिटलेला महिरपी कंस अधिक त्रास देतो. तो पुढच्या नोंदीही गिळू शकतो आणि त्रुटी भलत्याच ओळीवर दाखवली जाते, म्हणून दाखवलेल्या ओळीच्या आधीची नोंद प्रथम पाहावी. लेखकांची नावे "अँड" या इंग्रजी शब्दाने जोडावी लागतात. तिथे स्वल्पविराम दिले तर तीन लेखकांचा एकच माणूस होतो. शीर्षकातल्या % आधी उलटी तिरपी रेघ हवी, नाहीतर लॅटेक त्या ओळीचा उरलेला भाग टाकून देते. आरआयएसमध्ये प्रत्येक नोंद 'टीवाय' या खुणेने सुरू होऊन 'ईआर' या खुणेने संपते आणि खुणेनंतर दोन मोकळ्या जागा, आडवी रेघ व पुन्हा एक जागा असते. वर्डमधून चिकटवताना ती रेघ लांब झाली की काही साधने ती ओळ ओळखतच नाहीत.

मराठी संदर्भांकडे विशेष लक्ष द्यावे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या नोंदी आधी युनिकोडमध्ये आणाव्यात, कारण रूपांतर करणारे साधन त्यांना निरर्थक अक्षरे समजूनच पुढे नेते. फाइल यूटीएफ-8 या युनिकोडच्या स्वरूपात जतन करावी आणि देवनागरी सूचीसाठी मूळ बिबटेकऐवजी बायबर वापरावे.

दुरुस्ती नेहमी मूळ फाइलच्या प्रतीत करावी, रूपांतरित फाइलमध्ये करू नये, अन्यथा पुढच्या रूपांतरात ती पुसली जाते. रूपांतरापूर्वीची व नंतरची नोंदसंख्या जुळवावी, त्रुटींची नोंद असलेली लॉग फाइल जपावी आणि साधनाची आवृत्ती लिहून ठेवावी. त्यानंतर छापील सूचीतील प्रत्येक नोंद प्रबंधातील उल्लेखाशी ताडून पाहावी. हे सारे साम्य तपासणीसाठी फाइल देण्याच्या आधी व्हावे, कारण अहवाल निघाल्यावर सूची बदलली तर तपासलेली प्रत आणि सादर केलेली प्रत एक राहत नाही, आणि दोन्ही हमीपत्रांवरील सह्या तर सादर केलेल्या प्रतीसाठी असतात.