परिहार सेवा प्रशिक्षणाचे मूल्यमापन

असाध्य किंवा दीर्घ आजारात रुग्णाची वेदना, धाप, भीती आणि घरच्यांची ओढाताण कमी करणारी सेवा म्हणजे परिहार सेवा अथवा पॅलिएटिव्ह केअर. ती डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, भौतिकोपचारतज्ज्ञ, औषधनिर्माता आणि आशा कार्यकर्ती मिळून देतात. म्हणून प्रशिक्षणही बहुधा एकत्र होते. त्या प्रशिक्षणाने काय साधले याची पद्धतशीर तपासणी हा या नोंदीचा विषय आहे.

सिसिली सॉन्डर्स या इंग्रज डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांचे सेवागृह, उघडले. भारतात मुंबईचे शांती अवेदना सदन (१९८६) आणि १९९३ पासूनचे कोझिकोडचे कार्य हे आरंभीचे टप्पे मानतात.

मूल्यमापनासाठी सर्वाधिक वापरली जाणारी चौकट चार पातळ्यांची आहे : प्रतिक्रिया (प्रशिक्षण कसे वाटले), शिक्षण (काय शिकले), वर्तन (कामात काय बदलले) आणि परिणाम (संस्थेला व रुग्णाला काय लाभले). तिच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. रूढ समजुतीनुसार अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० च्या सुमारास चार लेखांतून ती मांडली; तिची मुळे त्यांच्या १९५४ च्या प्रबंधात असल्याचेही सांगितले जाते. तथापि त्यांच्याच १९५६ च्या एका लेखात या टप्प्यांचे श्रेय मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅट्झेल यांना दिलेले आढळते. त्यामुळे कल्पना कॅट्झेल यांची व प्रसार कर्कपॅट्रिक यांचा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पुढे ह्यू बार आणि सहकाऱ्यांनी आंतरव्यावसायिक शिक्षणासाठी, म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांच्या एकत्र शिकण्यासाठी, तिचा विस्तार केला. दुसऱ्या पातळीत वृत्तिबदल आणि ज्ञान-कौशल्ये वेगळी काढली. चौथीत संस्थेच्या कार्यपद्धतीतील बदल आणि रुग्णाचा लाभ यांत भेद केला. परिहार सेवेला हीच आवृत्ती मानवते.

साधनांपैकी परिचारिकांसाठीची वीस प्रश्नांची ज्ञानचाचणी (१९९६) आणि मरणासन्न रुग्णाच्या सेवेविषयीची वृत्ती मोजणारी फ्रॉमेल्ट यांची तीस विधानांची मापनश्रेणी (१९९१) परिचित आहेत. प्रशिक्षणाआधी आणि लगेच नंतर त्या भरून घेण्याचा प्रघात आहे. पण त्यातून दुसऱ्या पातळीपलीकडचे काही कळत नाही. मिश्र गटाची सरासरीही फसवी असते. डॉक्टरांचे गुण आधीच वर असल्याने वाढीला जागा उरत नाही, म्हणून व्यवसायवार आकडे पाहावेत. प्रशिक्षणानंतर काहींचा आत्मविश्वास घटलेला दिसतो, कारण आपल्याला किती कमी येत होते हे तेव्हाच उमगते. ही अधोगती समजू नये.

वर्तनाची खरी कसोटी केसपेपरवर लागते. वेदनेची तीव्रता नोंदवली का, तोंडाने घ्यायच्या मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकासोबत (त्याने बद्धकोष्ठ होतो म्हणून) रेचक लिहिले का, गृहभेटीत कोणकोण गेले, हे चाचणीतील गुणांपेक्षा अधिक सांगून जाते. मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनंतरही मॉर्फिन ठेवायला संस्थेला मान्यता लागते आणि त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर असावा लागतो. औषधच नसेल तर न लिहिल्याचा दोष प्रशिक्षणाकडे जात नाही.

सातारा-सांगली परिसरात वैद्यकीय मनुष्यबळ कृष्णाकाठी एकवटले आहे. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेतील मिशन रुग्णालय १८९४ चे, तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. कराडलाही मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरी खिळलेला रुग्ण मात्र जत, आटपाडी, पाटण किंवा जावळीच्या वाडीवस्तीवरही असतो. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि आशा हाच आधार. आयुष्मान भारतच्या विस्तारित बारा सेवांत परिहार सेवा आल्याने या फळीचे प्रशिक्षण आता टाळता येणार नाही. त्या प्रशिक्षणाची पुनर्तपासणी कधी करायची हा इथला कळीचा मुद्दा आहे. एप्रिलच्या शिबिरानंतर तीन महिन्यांनी, म्हणजे जुलैत, कोयनेच्या खोऱ्यात पावसाचा जोर असतो. तेव्हा कमी भरलेल्या गृहभेटी विस्मरणाचा पुरावा ठरत नाहीत. त्याच वाडीच्या आदल्या वर्षीच्या जुलैशी तुलना करणे न्याय्य.

मापनश्रेण्या मराठीत आणताना उलट-अनुवादाची, म्हणजे मराठी मजकूर पुन्हा मूळ भाषेत आणून पाहण्याची, पडताळणी आवश्यक असते. शिवाय वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर आशाताई सहसा असहमती दाखवत नाहीत. गटचर्चा व्यवसायवार वेगळ्या घेतल्यास संघातले खरे नाते समोर येते.